मागचा पाय

मे उजाडला की फोटो यायला लागतात
फ्रीसलँडच्या साऱ्या कुंपणांवरून, कालव्याच्या काठांवरून.
पिवळे पट्टे, काळे पट्टे, गांधीलमाशीचं सोंग,
आणि सोंगाच्या आत एक गरीब फुलमाशी,
हवेला टाचणीनं टोचून ठेवल्यासारखी.
लोक विचारतात: हिस्के, ही कोण?

चाळीस वर्षं मी पूल उचलला, पूल टेकवला.
आता ते काम एक बटण करतं
आणि मी खिडकीशी बसून माश्यांची नावं सांगते.

तिघीजणी आहेत, एकाच साच्यातून काढलेल्या.
एकीच्या डोळ्यांवर केस असतात,
म्हणजे उजेड आडवा पडला तर असतात.
उरलेल्या दोघींत फरक एवढाच:
एकीची मागची मांडी सबंध पिवळी,
दुसरीची काळी, गुडघ्याशी तेवढी पिवळी.
नरांचं विचारू नका.
नर ओळखायचा तर पंख सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो,
आणि त्यासाठी आधी माशी मरावी लागते.
मी मारत नाही. म्हणून माझ्या वहीत
‘नर, दोहोंपैकी एक’ हीच ओळ पानोपानी.

ऊबेले, वय नऊ, आईच्या फोनवरून पाठवतो.
पहिल्या फोटोत अंगठा होता.
दुसऱ्यात माशी, पण जायला निघालेली.
तिसऱ्यात नुसतं रानगाजराचं फूल,
खाली लिहिलेलं: आत्ता इथं होती.
दर वेळी मी एकच उत्तर धाडलं:
बाजूनं काढ. मागचा पाय दिसू दे.
पाठ सगळ्यांचीच देखणी असते, पाठीवर जाऊ नकोस.

जूनअखेर जमलं त्याला.
कोपरं चिखलात टेकून काढला असणार,
मांडीचा पिवळा मला चष्म्याशिवाय दिसला.
मी नाव कळवलं.
त्यानं उलट लिहिलं: मला माहीतच होतं.

मग ऑगस्टात एक आला.
पांढरी चादर, चादरीवर म्हातारा हात,
मधल्या बोटाच्या सांध्यावर माशी,
घामातलं मीठ चाटत बसलेली.
डोळ्यांमध्ये फट, म्हणजे मादी.
डोळ्यांवर केस नाहीत, उजेड चांगला होता.
राहिला मागचा पाय. तो नेमका सांध्याच्या पलीकडे.
मी फोटो मोठा केला, उजळ केला, आणखी मोठा,
शेवटी नुसते चौकोन उरले,
राखाडी, पिवळसर, राखाडी.

परत लहान केला, तेव्हा हात दिसला.
तर्जनी पहिल्या पेरापाशी संपलेली,
नखाच्या जागी गोल, गुळगुळीत टोक.

माझ्या पुलावरून मी लाकडी जोडा खाली सोडायचे,
गळाच्या काठीला दोरी, दोरीला जोडा,
खालून जाणाऱ्यानं त्यात पुलाची पट्टी टाकायची.
वरून चेहरे दिसत नाहीत. टोप्या दिसतात, आणि हात.
रेतीचा हिरवा पडाव यायचा, तेव्हा हाच हात
जोडा डुलू नये म्हणून धरायचा,
नाणी टाकायचा,
आणि त्या अर्ध्या बोटानं लाकडावर एक टिचकी.
मी काठी वर ओढायचे.
नाव कधी विचारलं नाही. पट्टी पुरी असायची,
विचारायचं तरी काय म्हणून?

फोटोखाली ऊबेलेनं लिहिलं होतं:
आजोबा म्हणाले, हळू, ती पितेय.
ही कोणती?

पिवळ्या मांडीचीच, असं ठोकून देता आलं असतं.
पोराला बरं वाटलं असतं.
मी लिहिलं: मादी. दोघींपैकी एक.
या फोटोवरून सांगता येत नाही.
मग खाली जोडलं: हात ओळखला.
आजोबांना विचार, जोड्यावर टिचकी कशाला मारायचे.

बारा दिवसांनी फोटो आला.
खिडकीची चौकट, माशी, बाजूनं, स्वच्छ.
मागची मांडी काळी, गुडघ्याशी तेवढी पिवळी.
तीच, की दुसरीच कुणी, कोण जाणे.
मी नाव कळवलं.
टिचकीचं त्यानं काही लिहिलं नव्हतं.